सहीपुरते गाईड

डिमेन्शियावरच्या कुठल्याही परिषदेत पहिल्या अर्ध्या तासात पडद्यावर एक आकडा येतो. साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. 'लासी-डॅड' या देशव्यापी अभ्यासातून तो आला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सभागृह हळहळतं, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत हा आकडा कुठे पोचेल याचा आलेख येतो, आणि मग चहाची वेळ होते. मी या परिषदांना वर्षानुवर्षं जाते आहे. ही माणसं मोजली कुणी, असं उठून विचारणारा एकही माणूस मी पाहिलेला नाही.

लासी-डॅडबद्दल माझी तक्रार नाही. तिथे मुलाखती घेणाऱ्यांना रीतसर तयार केलं होतं. चार हजारांहून अधिक वृद्धांच्या चाचण्या झाल्या, आणि निदान ठरवताना डॉक्टरांनी नोंदी आधी स्वतंत्र वाचल्या, मग एकत्र बसून मत पक्कं केलं. माझं भांडण आहे ते त्याखेरीज आपल्याकडे चाललेल्या असंख्य लहान-मध्यम अभ्यासांशी. पीएच.डी.चे प्रबंध, एम.डी.चे प्रबंध, रुग्णालयांचे प्रोजेक्ट, कुठल्याशा निधीतून आलेली दोन वर्षांची सर्वेक्षणं. तिथे म्हाताऱ्या माणसासमोर बसते ती मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात नुकतंच एम.ए. झालेली मुलगी. तिच्या हातात फॉर्मांचा गठ्ठा, पाठीला सॅक आणि डोक्यावर टार्गेट असतं. तिचा गाईड शहरात असतो. तिनं आणलेल्या आकड्यांवर त्याचं नाव लागतं, आणि ते आकडे कसे आणले हे त्यानं तिला कधीही विचारलेलं नसतं.

मी मानसशास्त्रज्ञ आहे. वृद्धांच्या स्मृतीच्या चाचण्या घेणं आणि नव्या मुलांना त्या घ्यायला शिकवणं हे माझं काम. म्हणून स्पष्ट सांगते: जो गाईड आपल्या विद्यार्थ्याबरोबर एकाही पेशंटसमोर बसलेला नाही, एकही कच्ची नोंद त्यानं स्वतः उघडून पाहिलेली नाही, त्यानं स्वतःला मार्गदर्शक म्हणवून घेऊ नये. आणि अशा गाईडच्या हाताखाली गोळा झालेल्या माहितीला विज्ञान म्हणू नये.

माण तालुक्यातलं एक गाव. ओसरीवर घोंगडी टाकलेली, समोर ऐंशीच्या घरातली आजी, शाळेचं तोंड न पाहिलेली. एका संस्थेच्या प्रोजेक्टवरची मुलगी 'मोका' ही चाचणी घेत होती. मी दुसऱ्या कामासाठी त्या गावात होते, तिनं विनंती केली म्हणून शेजारी बसले. एक प्रश्न तारखेचा. आजी म्हणाली, "उद्याच्याला एकादशी की. थोरला दिंडीत गेलाय, आज वाखरीवरनं पंढरपुरात शिरंल." मुलीनं फॉर्मकडे पाहिलं. तारीख: शून्य. महिना? "आखाड." फॉर्मला उत्तर 'जुलै' हवं. शून्य. चित्रं होती, सिंह, गेंडा आणि उंट. आजीनं सिंह आणि उंट ओळखले. गेंड्याला ती म्हैस म्हणाली आणि वर विचारलं, "शिंग नाकावर का काढलंय?" एक गुण गेला. शिवाय घन काढायचा, घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची. आजी म्हणाली, "मला पेन धराया येत न्हाय बाई, तू काढ." सगळे गुण गेले. सुनेला विचारलं, घरातली कामं करतात का? सून अभिमानानं म्हणाली, "कायसुदिक करू देत न्हाय आमी त्यास्नी." फॉर्मवर खूण झाली: दैनंदिन कामांत परावलंबी.

बेरीज दहाच्या आत आली. शिक्षण कमी म्हणून या चाचणीत एक गुण वाढवून देतात, तोही धरून. कागदावर आजीला डिमेन्शिया झाला. ज्या आजीला दिंडी आज कुठे असेल हे माहीत आहे, मुलगा कधी पोचणार याचा हिशोब आहे, छापील चित्रातली चूक वाटणारी गोष्ट पटकन पकडता येते, तिला.

त्या मुलीला हे कळत होतं, हे मी मुद्दाम नोंदवते. आपल्याकडची पोरं बिनडोक नाहीत. तिनं तिथूनच गाईडला व्हॉट्सॲपवर विचारलं, की तिथी सांगितली तर गुण द्यायचा का, आणि पेनच धरता येत नसेल तर काय लिहायचं. उत्तर लगेच आलं: "प्रोटोकॉलप्रमाणे भर. या आठवड्याचं टार्गेट किती झालं?" तिनं मोबाईल उलटा ठेवला आणि पुढचा प्रश्न विचारला.

आता त्या गाईडला काय माहीत असायला हवं होतं ते बघा. कमी शिकलेल्यांसाठी 'मोका-बेसिक' नावाची वेगळी चाचणी आहे. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये न शिकलेल्या वृद्धांसाठी लिहिण्या-वाचण्याचे प्रश्न बदलून हिंदी मेंटल स्टेट एक्झॅमिनेशन तयार झाली, ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीस वर्षं झाली त्याला. हैदराबादमधल्या ६४८ रुग्णांवर सुवर्णा अल्लडी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं, की दोन भाषा बोलणाऱ्यांत डिमेन्शिया सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला, आणि हा फरक निरक्षरांतही दिसला. भारतीय म्हातारपण वेगळ्या पद्धतीनं तपासायला हवं याचा इतका पुरावा देशातच पडलेला आहे. तो वाचलेला नसणं हा गाईडचा दोष. वाचूनही हातातली चाचणी न बदलणं हा त्याहून मोठा दोष, कारण चाचणी बदलली तर परवानग्या पुन्हा घ्याव्या लागतात, प्रोजेक्ट सहा महिने लांबतो, आणि परदेशी सहलेखकाला समजावत बसावं लागतं.

उलट टोकाचा म्हातारा तर या फॉर्मांतून सरळ निसटतो. निवृत्त मुख्याध्यापक, इस्त्रीचा शर्ट, तारीख, वार, साल सगळं खणखणीत. शंभरातून सात वजा करत करत खाली येतो, तीसपैकी सत्तावीस गुण घेतो. आणि त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारातून हळूच सांगते, की वाण्याला यांनी एकाच महिन्यात दोनदा पैसे दिले, आणि बँकेतून येताना परवा रस्ता चुकले. त्या बाईचं बोलणं फॉर्ममध्ये कुठे बसवायचं हे शिकवलं नाही, तर तरुण मुलगा सत्तावीस गुण लिहून मोकळा होतो. तो माणूस निरोगी ठरतो आणि पुढची तीन वर्षं त्याचं घर एकटं झगडत राहतं.

ऐकू कमी येतं म्हणून उत्तर न देणारा, आणि समजलं नाही म्हणून उत्तर न देणारा, यांत फरक करता यावा लागतो. नवरा वारल्यापासून मान खाली घालून बसलेली बाई "माहीत नाही, माहीत नाही" म्हणते. डिमेन्शिया झालेली बाई बहुधा तसं म्हणत नाही, ती काहीतरी उत्तर जुळवते. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, उदासपणा, झोपेच्या गोळ्या, ही सगळी बरी करता येणारी कारणं स्मृतिभ्रंशाचा चेहरा घेऊन समोर येतात. हे वाचून समजतं, पण अंगी येत नाही. कुणीतरी जाणतं माणूस शेजारी असावं लागतं, त्यानं मुलाखत झाल्यावर बाहेर अंगणात उभं राहून विचारावं लागतं: तिसऱ्या प्रश्नाला त्या थांबल्या तेव्हा त्यांनी कुणाकडे पाहिलं? तुला काय वाटलं? का वाटलं? ही पंधरा मिनिटं आपल्याकडच्या संशोधनातून जवळजवळ गायब झालेली आहेत, आणि त्यांच्या जागी वर्षातून एकदा कुठल्यातरी हॉटेलात दोन दिवसांची कार्यशाळा आली आहे, प्रमाणपत्रासकट.

ज्याच्या नावावर हा रोग आहे, त्या आलोइस अल्झायमरचं उदाहरण मी प्रत्येक नव्या तुकडीला देते. १९०३ मध्ये तो मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिनबरोबर म्युनिकला आला आणि तिथल्या मनोरुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बिनपगारी काम करू लागला. बायकोच्या मागे राहिलेल्या संपत्तीवर त्याचं चालत होतं. प्रयोगशाळेत देशोदेशीची तरुण मुलं सूक्ष्मदर्शक लावून बसलेली असत. अल्झायमर एकेकाच्या टेबलाशी जाई, हातातली सिगार बाजूला ठेवी, त्या मुलाच्या काचपट्टीवर वाकून पाही, त्याला समजावून सांगे आणि पुढच्या टेबलाकडे जाई. सिगार तिथेच राही. सांगतात, की संध्याकाळी प्रत्येक टेबलावर एकेक थोटूक सापडायचं.

त्या टेबलांवरून कोण उठलं ते पाहा. गाएतानो पेरुसिनी, ज्यानं १९०९ मध्ये अल्झायमरची पहिली रुग्ण ऑगस्टे डेटर हिच्या केससह चार रुग्णांचा सविस्तर अभ्यास लिहिला. फ्रेडरिक लेवी, ज्याच्या नावानं आज 'लेवी बॉडी डिमेन्शिया' ओळखला जातो. क्रॉइट्सफेल्ट आणि याकोब, दोघंही त्याच्याकडे शिकलेले. आणि लायबेरियात जन्मलेला, अमेरिकेत डॉक्टर झालेला सॉलोमन कार्टर फुलर, ज्यानं १९१२ मध्ये अल्झायमरची पहिली केस इंग्रजीत आणली. एका माणसानं विद्यार्थ्यांच्या काचपट्टीवर वाकून पाहिलं, म्हणून मेंदूच्या विकारांच्या पाठ्यपुस्तकात इतकी नावं आली.

फुलरचं पुढे काय झालं हेही मी सांगते, कारण ते आपल्याला जवळचं आहे. बॉस्टन विद्यापीठात तो शिकवत राहिला, पाच वर्षं विभाग प्रत्यक्षात त्यानं चालवला, पण विभागप्रमुखाचं पद त्याला मिळालं नाही. १९३३ मध्ये त्याच्याहून कनिष्ठ गोऱ्या सहकाऱ्याला प्राध्यापक करून ते पद दिलं, तेव्हा तो निवृत्त झाला. आपल्याकडे कातडीच्या जागी आडनाव असतं. एम्समधल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीवर सुखदेव थोरात समितीनं २००७ मध्ये अहवाल दिला. त्या विद्यार्थ्यांना शिक्षकांकडून मिळणारा वेळ आणि आधार वेगळा असतो, हे त्यात लिहून ठेवलेलं आहे. मार्गदर्शन ही गाईडच्या मर्जीवरची गोष्ट राहिली की ती कुणाला मिळणार आणि कुणाला नाही, हे प्रवेशाच्या दिवशीच ठरून जातं. घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेला मुलगा गाईडच्या केबिनबाहेर बाकड्यावर बसून राहतो आणि ओळखीतून आलेला आत चहा पितो. बाकड्यावरच्या त्या मुलाची आजी मात्र माण तालुक्यातल्या ओसरीवरच बसलेली असते. 'आखाड' म्हणजे बरोबर उत्तर, हे त्याला कुणी शिकवायची गरजच नव्हती.

गाईडनं कच्ची नोंद पाहिली नाही, तर काय होतं, याचं जगातलं सगळ्यात महागडं उदाहरण अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातलं आहे. २००६ मध्ये 'नेचर'मध्ये एक पेपर आला. उंदरांच्या मेंदूत सापडलेला एक विशिष्ट प्रथिनगुच्छ, 'ए-बीटा-स्टार-५६', स्मृती बिघडवतो असा त्याचा दावा. पहिलं नाव सिल्व्हां लेस्ने या तरुण संशोधकाचं, शेवटचं नाव प्रयोगशाळेच्या प्रमुख कॅरेन ॲश यांचं. पेपर दोन हजारांहून अधिक वेळा उद्धृत झाला. तो पदार्थ इतर बऱ्याच जणांना सापडेना. हार्वर्डच्या डेनिस सेल्को यांच्यासारख्या दिग्गजाला मानवी नमुन्यांत त्याचा पत्ता लागला नाही. दिग्गजाला सापडत नाही तेव्हा तो म्हणतो, मला सापडला नाही. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला सापडत नाही, तेव्हा त्याला काय ऐकायला मिळतं हे प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही विचारा: "तुझा हात अजून बसलेला नाही. पुन्हा कर."

गडबड उघड झाली ती २०२२ मध्ये, 'सायन्स'च्या शोधवृत्तामुळे, आणि ती हेरली होती व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या मॅथ्यू श्रॅग या कनिष्ठ प्राध्यापकानं. नोकरीत अजून पक्कं बस्तान न बसलेल्या माणसानं. जून २०२४ मध्ये 'नेचर'नं पेपर मागे घेतला. प्रथिनं दाखवणाऱ्या पट्ट्यांच्या चित्रांत जोडकाम, एकच पट्टी पुन्हा वापरणं आणि चक्क इरेजर फिरवल्याच्या खुणा असल्याचं मासिकानं लिहिलं. लेस्ने सोडून बाकी सगळ्या लेखकांनी माघारीला संमती दिली. ॲश यांनी जाहीरपणे सांगितलं, की या फेरफाराची त्यांना आधी कल्पना नव्हती, आणि पेपरचा निष्कर्ष त्यानं बदलत नाही असं त्यांचं मत आहे. त्यांना कल्पना नव्हती हे मी खरं धरते. आणि मला खटकतं ते तेच. ज्या पेपरनं अख्ख्या क्षेत्राला दिशा दिली, त्याच्या मूळ पट्ट्या समोर पसरून तरुणाबरोबर ओळीनं पाहण्याची रीत असती, तर कल्पना नसणं शक्य होतं का? हा प्रश्न एका बाईंना नाही, शेवटच्या जागी नाव लावणाऱ्या प्रत्येकाला आहे. मलाही आहे.

आपल्याकडे इरेजर फिरवायलाही कष्ट घ्यावे लागत नाहीत. फॉर्म एसटी स्टँडवर बसून भरता येतात. दिवसाला आठ मुलाखतींचं टार्गेट, एका मुलाखतीला दीड तास, गावात दोन एसट्या. हिशोब चौथीतल्या मुलालाही कळेल. तरीही आठवड्याच्या शेवटी चाळीस फॉर्म टेबलावर येतात आणि गाईड ते मोजून घेतो. त्याला ते खरे कसे वाटतात, हे मला आजवर उमगलेलं नाही. मला वाटतं, त्याला ते खरे असण्याशी देणंघेणं नसतं. त्या मुलांना मी दोष देणार नाही. खोटं भरायला भाग पाडणारं वेळापत्रक ज्यानं आखलं, त्याचा तो गुन्हा आहे.

या क्षेत्राला 'नाही' म्हणणाऱ्या तरुणांची जितकी गरज आहे, तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या क्षेत्राला असेल. २००२ ते २०१२ या काळात अल्झायमरवरच्या २४४ रसायनांच्या ४१३ चाचण्या अमेरिकेच्या नोंदणीत होत्या. त्यांतून बाजारात आलं एकच औषध, मेमॅन्टिन. अपयशाचं प्रमाण ९९.६ टक्के. इतकं अपयश पचवलेल्या विज्ञानानं "सर, मला हे दिसत नाहीये" असं म्हणणाऱ्या मुलाला जपायला हवं. आपण त्याचा सिनॉप्सिस अडवतो.

सबबी मला पाठ आहेत. "ओपीडीत शंभर पेशंट असतात, वेळ कुठे आहे?" मग विद्यार्थी घेऊ नका. यूजीसीच्या नियमानं प्राध्यापकाला एका वेळी आठ पीएच.डी.चे विद्यार्थी घेता येतात. घेता येतात म्हणून घ्यायचेच, असं कुठे लिहिलंय? "मुलांना तयारी नसते." तयारी करून द्यायचाच पगार घेता ना? "आमच्याही गाईडनं आम्हाला असंच सोडलं होतं, आम्ही शिकलोच की." जे शिकले नाहीत आणि निघून गेले, ते हे सांगायला इथे उरले नाहीत. त्यांतले काही परदेशांतल्या प्रयोगशाळांत आहेत, काही विमा कंपन्यांत, आणि एक फार हुशार मुलगी, जिला वयस्कांशी बोलण्याची अशी हातोटी होती की अबोल म्हातारे तिच्यापुढे मोकळे होत, आज बँकेच्या कॉल सेंटरमध्ये टीम लीड आहे.

पैशाचं तर विचारूच नका. ज्युनियर रिसर्च फेलोशिप २०२३ पासून महिना ३७ हजार झाली, तीही देशभरातल्या संशोधक विद्यार्थ्यांनी रस्त्यावर आल्यावर. ती वेळेवर खात्यात आली तर नशीब. प्रोजेक्टवरच्या मुलांना तेवढंही नसतं, आणि प्रोजेक्ट संपला की दुसऱ्या दिवसापासून नोकरी नाही. म्हणजे दोन वर्षं गावोगाव फिरून जिला म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं कसब आलं, तिला नेमक्या त्या दिवशी घरी पाठवायचं आणि पुढच्या प्रोजेक्टला पुन्हा नवीन, अननुभवी, स्वस्त मुलगी घ्यायची. याला काटकसर म्हणतात. मी उधळपट्टी म्हणते.

मराठीचं एक सांगते. आयसीएमआरनं भारतीय भाषांसाठी बोधात्मक चाचण्यांचा जो संच तयार करवून घेतला, त्याची रचना २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषा होत्या. त्या पहिल्या पाचांत मराठी नव्हती. मराठीत चाचणी नीट बसवायची म्हणजे नुसतं भाषांतर नव्हे. माणदेशात, झाडीपट्टीत, कोकणात, शिकलेल्या आणि न शिकलेल्या निरोगी वृद्धांवर ती घेऊन, कुठला गुण कमी धरायचा हे ठरवावं लागतं. संथ काम आहे, दोन-तीन पीएच.डी. सहज निघतील. पण विद्यार्थी असा विषय घेऊन गेला की त्याला सांगतात, "यात नवीन काय? इम्पॅक्ट फॅक्टर मिळणार नाही, काहीतरी एमआरआयवर कर." मशीन दुसऱ्या संस्थेचं, स्कॅन पंधरा लोकांचे, आणि निष्कर्ष असा की आणखी संशोधन हवं. पेपर मात्र होतो.

पेपर मोजायची ही खोड आपली एकट्याची नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ ते २०२५ साठी डिमेन्शियाचा जागतिक कृती आराखडा केला, त्यात संशोधनाचं उद्दिष्ट काय ठेवलं? संशोधनाचं उत्पादन दुप्पट करायचं. घडवलेली तरुण माणसं दुप्पट करा, असं कुणी म्हटलं नाही, कारण माणूस घडला की नाही हे तक्त्यात भरता येत नाही.

हे सगळं आपल्याकडे जमत नाही, असं म्हणाल तर गोव्याकडे बघा, शेजारीच आहे. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे डिमेन्शिया झालेल्यांच्या ८१ कुटुंबांवर एक चाचणी केली, २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. घरी जाणारे सल्लागार डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. बारावीपर्यंत शिकलेली स्थानिक माणसं होती. त्यांना तयार केलं, आणि मग वाऱ्यावर सोडलं नाही: एक समुपदेशक आणि एक मनोविकारतज्ज्ञ त्यांच्या पाठीशी होते. सल्लागार सहा महिने घरी जात राहिले. आजार समजावून सांगणं, चिडलेल्या म्हाताऱ्याला कसं सांभाळायचं ते दाखवणं, सरकारी योजनेचा कागद कुठे मिळतो ते सांगणं. सांभाळणाऱ्या घरच्या माणसांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं, त्यांचा त्रास कमी झाला. बारावी झालेल्या माणसाला नीट शिकवून मागे उभं राहिलं तर तो हे करतो. एम.ए. झालेल्या मुलीला न शिकवता पुढे ढकललं तर ती एकादशी जाणणाऱ्या आजीला डिमेन्शिया ठरवून येते. फरक त्या दोघांच्या डिगऱ्यांत नाही, त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांत आहे.

माझ्या मागण्या कोरड्या आहेत आणि त्या उद्यापासून अमलात येऊ शकतात. विद्यापीठांच्या संशोधन सल्लागार समितीसमोर विद्यार्थी दर सत्राला सादरीकरण करतो. त्याच बैठकीत गाईडनंही उत्तर द्यावं: या सत्रात किती मुलाखतींना तुम्ही स्वतः शेजारी बसलात, किती मूळ फॉर्म किंवा मूळ चित्रं उघडलीत, त्यांत काय चुकलेलं सापडलं? काहीच चुकलेलं सापडलं नाही असं जो सांगेल, त्याची तपासणी आधी करा. निधी देणाऱ्यांनी प्रस्तावात प्रवासखर्चाच्या खाली एक ओळ वाढवावी: गाईडचे क्षेत्रावरचे दिवस. ती कोरी असेल तर प्रस्ताव परत पाठवावा. प्रोजेक्ट संपला तरी अनुभवी मुलाखतकाराला पुढच्या प्रोजेक्टपर्यंत पगार चालू ठेवण्याची तरतूद त्याच रकमेत असावी. आणि पेपरवर तिचं नाव असावं. आभारप्रदर्शनात 'क्षेत्रीय कर्मचारी' असं ओवाळून टाकलेलं मोघम नाव मला नको आहे. लेखकांच्या यादीत, पूर्ण नाव, आडनावासकट.

माण तालुक्यातल्या त्या मुलीनं पुढे काय केलं ते सांगते. तिनं आजीचा फॉर्म प्रोटोकॉलप्रमाणे भरला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलनं सगळं लिहून ठेवलं: एकादशी, वाखरी, आखाड, गेंड्याचं शिंग, ऐकायला चांगलं येतं, सून काम करू देत नाही. त्या गावातल्या प्रत्येक फॉर्मच्या मागे तिनं असं लिहिलं. ते फॉर्म संगणकात भरले गेले तेव्हा पुढची बाजू भरली गेली. मागची बाजू वाचायची मागणी मी त्या गाईडकडे लेखी केली आहे, उत्तर आलेलं नाही. मी पुन्हा लिहिणार आहे, आणि या वेळी पत्राची प्रत नैतिक समितीच्या अध्यक्षांना जाईल.